माने सरांची भावकी

माने सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते कडा चाटत होते.

हे वाक्य मी लिहून खोडलं होतं. आपल्या सरांबद्दल लिहायचं तर सुरुवात आदराने व्हायला हवी, असं मला वाटत होतं. पण दुसरी सुरुवात सुचेना, आणि जे झालं ते असंच झालं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गाची सहल साताऱ्याहून पाटणच्या पश्चिमेला, धारेच्या वाडीला गेली होती. वाडीच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाचा उभा कडा आहे. त्याच्यावरून वर्षभर पाणी झिरपत असतं. पायथ्याला धारजाईचं लहानसं देऊळ. आम्ही वह्या उघडून उभे होतो. सरांनी चष्मा खिशात ठेवला, दोन्ही हात दगडाला टेकले, जीभ बाहेर काढली आणि दगड चाटला. मग थोडं बाजूला सरकून परत चाटला. नंतर डोळे मिटून उभे राहिले. आमचे आबा, म्हणजे वडील, बेदाण्याचा दाणा जिभेवर ठेवून माल कसा आहे ते ठरवतात, अगदी तसे.

"साबण न्हाई," सर म्हणाले. "यंदा वरच्या झऱ्यावर कुणी धुणं धुतलेलं न्हाई. लिहून घ्या."

माझ्या शेजारच्या मुलीने खरोखरच 'साबण नाही' असं लिहून घेतलं. माझा हात चालेना. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्राध्यापक म्हणजे कोण, हे मी फक्त मनाशी ठरवून आले होते, आणि त्यात जीभ कुठेच नव्हती. रात्री आईने फोनवर विचारलं, "काय शिकीवलं गं आज?" मी म्हणाले, "पाण्याची तपासणी." खोटं नव्हतं ते.

सर दिसायला साधेच. उंची कमी, शर्ट कायम बाहेर, पायात पावसाळी चपला, त्या उन्हाळ्यातही. गळ्यात काळ्या दोरीत एक भिंग. वर्गासाठी डबाभर भिंगं प्रयोगशाळेत होती, ती हवी तेवढी घ्या. पण गळ्यातलं भिंग ते कुणाला हात लावू देत नसत. एकदा खुद्द प्राचार्यांनी सहज हात पुढे केला, तर सर मागे सरकले आणि म्हणाले, "दात घासायचा ब्रश आणि भिंग मागू नये, सर." प्राचार्यांचा हात बराच वेळ तसाच राहिला. मी तिथेच होते. मला तर पळून जावंसं वाटलं.

सरांच्या तोंडी कायम असलेला शब्द होता भावकी. दुसरे प्राध्यापक वर्गीकरण शिकवताना फळ्यावर खालून वर बाण काढत. सर खडू हातात न घेता बाकावर बसत आणि म्हणत, "हे बघा. जात म्हणजे प्रजाती सोडा, ती शेवटी. आधी घर बघायचं. मग भावकी. मग गाव. आणि मग ह्या सगळ्यांचं मूळ कुठलं ते. कुणाच्या लग्नात कोण मानाला बसतं ते कळलं की वर्गीकरण कळलं."

एका मुलाने मागून विचारलं, "सर, तुमची भावकी कुठली?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "माणसाची भावकी इचारू नये," ते म्हणाले. "गोगलगाईची इचारावी. ती खरं सांगती."

ती गोगलगाय म्हणजे धारेच्या वाडीच्या कड्यावरची. सरांच्या नोकरीतली सगळी वर्षं तिच्यातच गेली. मोठ्यात मोठी तुरीच्या दाण्याएवढी. रंग ओल्या दगडाचा, त्यावर एखादा फिकट पट्टा. पाहिली तर दगडाचा खडबडीतपणाच वाटतो. मी तर पहिल्या दिवशी अर्धा तास तिच्याकडे बघत होते आणि 'सर, कुठे आहे?' विचारत होते.

तिची हकिगत कळली तेव्हा मात्र मी चांगलीच हादरले. ती गोड्या पाण्यातली, पण नदीत नाही, तळ्यात नाही, विहिरीत नाही. फक्त सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, जिथे धबधब्याचा तुषार उडतो किंवा पाणी झिरपतं, तिथेच ती राहते. दगडावरचं शेवाळ खाते. तिच्या जिभेवर बारीक दातांची पट्टी असते, तिने दगड खरवडत जन्म काढते. आणि तिचे सख्खे, चुलत, मावस, जेवढे म्हणून नातेवाईक आहेत ते सगळे समुद्राच्या काठावर. लाटा आपटतात त्या खडकांवर. खाऱ्या पाण्यात.

"मग ही इथं कशी आली?" मी विचारलं. वर्गात मी विचारलेला तो पहिला प्रश्न.

सर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं काही तरी चुकलं. "ते कुणालाच पक्कं ठाव न्हाई, पोरी. कुणी म्हणतं नदीनं चढत चढत वर आली. आली खरी. आता तिला खाली जाता येत न्हाई. मधला वाळका दगड वलांडता येत न्हाई तिला. ह्या कड्याची ह्या कड्यावर, त्या कड्याची त्या कड्यावर. माहेर समुद्र, आणि नांदायला सातारा."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचंबी तसंच हाय. सगळे भाऊ मुंबईला. गोदीत लागले, तिकडंच घरं केली. मी एकटा वर ऱ्हायलो."

ते इतकं सहज बोलले की मी तेही गोगलगाईचीच माहिती समजून वहीत लिहिलं.

दुसरा शब्द झाकण. या गोगलगाईला पायावर एक बारीक झाकण असतं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की ती दगडाच्या भेगेत शिरते, अंग आत ओढते, झाकण लावते आणि ओल येईपर्यंत तशीच बसून राहते. सरांना हा जगण्याचा सगळ्यात शहाणा मार्ग वाटायचा. परीक्षेत नापास झालेली मुलं त्यांच्याकडे रडत येत. सर चहा मागवत आणि म्हणत, "झाकण लाव. बस थोडा वेळ." एवढंच. उपदेश नाही, काही नाही. मुलं खरंच बसत. स्टाफरूममध्ये वाद सुरू झाला की सर स्वतःही झाकण लावत. म्हणजे बोलणं बंद, डोळे अर्धे मिटलेले. सगळे थकून घरी गेले की उघडत.

फक्त एका गोष्टीत त्यांना झाकण लावता येत नसे. कुणी गोगलगाईचं चित्र चुकीचं काढलं तर.

साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या रस्त्याला एक बालवाडी आहे. तिच्या भिंतीवर गोगलगाय काढली होती, हसरी, गुलाबी. एका सकाळी सर आत गेले आणि बाईंना म्हणाले, "तुमच्या गोगलगाईचा पीळ डावीकडं गेलाय. तो उजवीकडं पायजे." बाई म्हणाल्या, "अहो, लहान मुलांसाठी आहे ते." सर म्हणाले, "मग तर पायजेच." दुसऱ्या दिवशी ते डबा आणि ब्रश घेऊन हजर. बालवाडीतली पोरं रांगेत बसून बघत होती आणि आमचे विभागप्रमुख माने सर स्टुलावर उभे राहून गुलाबी गोगलगाईचा शंख उलटा फिरवत होते. मी रस्त्याच्या पलीकडून बघितलं आणि सरळ पुढे चालत गेले. ओळख दाखवायचं धाडस झालं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. बी.एस्सी. झाल्यावर आबांनी ठरवलं होतं की आता शिक्षण बास. आमची तासगावजवळ थोडी द्राक्षबाग आहे, आबा दुसऱ्याच्या बेदाण्याच्या शेडवर मुकादमही आहेत. मी सरांना पुढे शिकणार नाही असं सांगितलं. ते रविवारी एसटीने तासगावला आले, तिथून वडापच्या जीपने आमच्या दारात. हातात केळी.

आबांनी खुर्ची दिली, चहा आला. आबा गप्पांना धरून म्हणाले, "पोरगी म्हणती तुमी गोगलगाईचं मोठं जाणकार. आवं, आमाला तर त्यांनी वैताग आणलाय. कवळा कोंब ठेवंनात वेलीला. पोरं सकाळी बादलीभर गोळा करत्यात, आणि वरनं मीठ."

सरांचा कप हातातच राहिला. तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसला. आईने पदराने तोंड झाकलं. तिला वाटलं, चहात काही पडलं.

"मीठ," सर म्हणाले.

"मीठ. जागच्या जागी इरघळत्यात."

सरांनी कप खाली ठेवला. अंगणातल्या बादलीकडे बघितलं. मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "ती भावकी येगळी."

आबा पुढे सरकले. "म्हंजे तुमची न्हवं?"

"न्हवं. ह्या जमिनीवरच्या. ह्यांचा आमचा सोयरसंबंध न्हाई. ह्यांस्नी झाकण नसतं."

"झाकण नसलं म्हंजे?"

"मीठ पडलं की दार लावून घ्यायला येत न्हाई."

मला वाटलं, झालं, आता माझं शिक्षण या बादलीतच विरघळलं. पण आबांनी विचारलं, "आणि पोरीनं पुढं काय करायचं म्हणता?" सरांनी सांगितलं. एवढंच की पोरगी दगडाकडे अर्धा तास बघू शकते आणि असं माणूस मिळत नाही. आबांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण मला एम.एस्सी.ला पाठवलं. पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. "तुज्या सरांनी काय घातलं गं ह्यांच्या डोक्यात? मीठ बंद. बादली घिऊन वढ्यापतोर जात्यात आणि पालथी करून येत्यात. मेल्या परत येत्यात मागनं."

एम.एस्सी.ला मी सरांच्या हाताखाली त्या कड्यावरच काम करू लागले. तेव्हा मला सगळ्यात मोठा धक्का बसला. त्या गोगलगाईला नावच नव्हतं.

उत्तरेकडच्या घाटांत तिच्या भावकीतल्या दुसऱ्या आहेत, त्यांना नावं आहेत. पण धारेच्या वाडीची वेगळी आहे, असं सरांचं म्हणणं. शंखाची कड वेगळी, पट्टा वेगळा. आणि ती आम्हाला दुसऱ्या कुठल्याच कड्यावर सापडली नव्हती. आजूबाजूचे सगळे कडे सरांनी पालथे घातले होते. चाटलेही होते. ही एकाच कड्यावरची, तीही पायथ्यालगतच्या ओल्या पट्ट्यातली. मग नाव का नाही दिलं?

उत्तर आमच्या विभागात नव्याने आलेल्या तरुण सरांनी मला दिलं. "अगं, नाव द्यायचं तर थोड्या मारायला नकोत का? स्पिरिटमध्ये घालायच्या, जिभेची पट्टी काढायची, आतलं अंग बघायचं. नुसत्या रिकाम्या शंखावर कुणी मान्य करत नाही. माने सरांना ते जमत नाही. दर वर्षी पुढच्या पावसावर ढकलतात."

माझा विश्वास बसेना. ज्या माणसाने आम्हाला फळ्यावर बेडकाची एकेक नस समजावली होती, त्याला तुरीएवढ्या गोगलगाईला स्पिरिटमध्ये टाकता येत नव्हतं.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा मात्र त्यांनी ठरवलं. कड्याखाली बसलो होतो. ते म्हणाले, "या पावसात करायचं. बाहेर आल्या की मोजक्याच घ्यायच्या. हात तुझा, पाप माझं. नाव असलं की मग उद्या कुणी इथं सुरुंग लावायला आलं तर कागद पुढं करता येतो. बिननावाच्याला कोण इचारतंय?"

त्या वेळी अमोलदादा तिथेच होता. अमोलदादा म्हणजे वाडीतला सरांचा जुना विद्यार्थी. बी.एस्सी.ला दोनदा आपटून त्याने वडापची जीप घेतली. सर कड्यावर आले की मुक्काम त्याच्याच घरी. निघताना सर दर वेळी त्याला एकच सांगायचे, "अमोल, कडा स्वच्छ ठेव रं." म्हणजे साबण नको, प्लास्टिक नको, जनावरं धुणं नको. त्या दिवशीही सांगितलं. अमोलदादा म्हणाला, "तुमी काळजीच करू नका, सर. या खेपंला आसा ठेवतो की बघत ऱ्हाशीला."

आम्ही दोघांनीही त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

सरांचा निवृत्तीचा समारंभ कॉलेजात झाला तो इतर सगळ्यांचा होतो तसाच झाला. पण नंतर वाडीचा निरोप आला. धारजाईच्या यात्रेच्या दिवशी वाडी सरांचा सत्कार करणार. अमोलदादाने पाटणला एसटी स्टँडवर जीप आणली. जीपला फुगे होते. वाटेत त्याने तीनदा सांगितलं की एक मोठी गंमत आहे.

शेवटचं वळण घेतलं आणि कडा दिसला.

तो पांढरा होता.

मला आधी कळलंच नाही. वाटलं ऊन पडलंय. मग अक्षरं दिसली. काळा कडा, माणूस शिडीवर चढून जिथवर पोचेल तिथवर, पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवला होता. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'आदरणीय माने सर यांना सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ, धारेची वाडी.' अक्षरांच्या मधोमध एक भलीमोठी गोगलगाय काढली होती. हसरी. डोक्यावर दोन लांब शिंगं. शंखाचा पीळ डावीकडे.

"कसा वाटला?" अमोलदादा म्हणाला. त्याचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा फुलला होता. "आवं तुमी दरसाली सांगत हुता न्हवं, कडा स्वच्छ ठेव. आठवडाभर पोरं राबल्यात. आधी ॲसिड मारलं. मग तारंच्या ब्रशनं घासला. केवढं शेवाळ ओ, हिरवीगार घाण. मग ब्लीचिंग टाकलं. रंग वाळंना म्हणून वरनं पाइप टाकून पाणीच वळीवलं देवळाच्या टाकीत. आता कसा, आरसा झालाय."

ॲसिड, तार, ब्लीचिंग, रंग. मनात हेच शब्द फिरत राहिले. जगात दुसरीकडे कुठेच न सापडलेली गोगलगाय, आणि तिचं जे एकुलतं एक घर, ते आम्हीच प्रेमाने घासून काढलं होतं.

"अमोलदादा, अरे तू हे..." मी बोलायला लागले.

सरांचा हात माझ्या खांद्यावर आला. "पोरी," ते हळू म्हणाले, "झाकण."

सर त्या चित्राकडे बघत उभे होते. सगळी पोरं सरांच्या तोंडाकडे बघत होती. ज्याने चित्र काढलं तो पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, ब्रश धुवायचा सोडून उभा होता. ती गोगलगाय आमच्या आबांच्या बादलीतली होती. भावकी चुकली होती, घर चुकलं होतं, पीळ चुकला होता. बालवाडीच्या स्टुलावर चढणारा माणूस आता काय बोलणार, याची मला भीती वाटली.

"लय झ्याक काढलंय," सर म्हणाले. "लय कष्ट केलासा रं."

पेंटर हसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कड्यापेक्षा या वाक्याचा धक्का जास्त बसला. इतक्या वर्षांत सर गोगलगाईबद्दल खोटं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सत्कार देवळासमोरच्या मांडवात झाला. सरपंचांनी नारळ दिला, जरीच्या काठाची हिरवी शाल पांघरली. मग माइकवरचा माणूस म्हणाला, "आता सरांच्या घरच्यांनी पुढं यावं. त्यांची वटी भरायची हाय आणि सगळ्यांचा मान करायचा हाय."

कुणी उठलं नाही. सरांच्या शेजारी मुद्दाम मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वाडीला वाटलं होतं, मुंबईहून भाऊ येतील. सरांनी लग्न केलेलं नाही, हे माइकवरच्या माणसाला ठाऊक नसावं. त्याने परत पुकारलं. "सरांच्या घरचं कुणी आलं असंल तर पुढं यावं." लोक मागे वळून बघायला लागले. सरांनी डोळे अर्धे मिटले. झाकण लावलं. मग अमोलदादाने पुढे होऊन माइक घेतला आणि गाणं लावायला सांगितलं.

सरांचं भाषण दोन वाक्यांचं झालं. "तुमी माझ्यासाठी एवढं केलं, आता माझी एक मागणी हाय. ह्या कड्याला परत ब्रश, ॲसिड, रंग, कायबी लावायचं न्हाई, आणि पाइप आज काढायचा."

"सर, पाण्यानं रंग जाईल की," एक पोरगा म्हणाला.

"जाऊ दे. धारजाईच्या कड्यावर धार नगं व्हय?"

हे सगळ्यांना पटलं. पोरं लगेच पाइप काढायला वर गेली, बाकीची मंडळी जेवणाच्या पंगतीकडे वळली.

सर आणि मी देवळाच्या मागे गेलो. वरून पाणी हळूहळू उतरायला लागलं होतं, पांढऱ्या रंगावरून, थेंब थेंब. सरांनी हात टेकले, पुढे वाकले, आणि सवयीने जीभ लावणार तोच थांबले. पहिल्यांदाच मला वाटलं, त्यांनी चाटावं. काहीतरी सांगावं. पण ते तसेच मागे झाले.

देवळाची मागची भिंत आणि कडा यांच्यामध्ये हातभर रुंदीचं एक बोळकांडं आहे. तिथे ब्रश फिरवायला जागा नाही. मी आडवी होऊन आत शिरले. दगड काळाच होता. ॲसिडचा वास येत होता, पण रंग नव्हता. पिशवीतलं कॉलेजचं भिंग काढलं आणि बघायला लागले. सर बाहेरच थांबले. बऱ्याच वेळाने एका उभ्या भेगेत मला ते दिसले. तुरीचे दाणे. एकाला एक चिकटून बसलेले.

"आहेत, सर."

"जित्या हायेत?"

"कळत नाही. झाकण लावलंय."

मग सर म्हणाले, "मग आपण बसू थोडा वेळ."

त्यांनी अंगावरची शाल काढली. वरच्या झऱ्याचं पाणी टाकीत साठलेलं होतं, त्यात ती बुडवली आणि एक टोक माझ्याकडे सरकवलं. मी ते भेगेच्या तोंडाशी दगडाला लावून धरलं, वर दगडाची एक चीप अडकवली. दुसरं टोक बोळाच्या बाहेर सरांच्या मांडीवर. शाल वाळायला लागली की सर ओंजळीने पाणी घालत. पलीकडे पंगतीत वाढप्यांचा आवाज चालला होता.

"भावांनी बोलावलंय मुंबईला," सर म्हणाले. "म्हणत्यात, आता एकटा काय करतूस तिकडं. समुद्र जवळ हाय, रोज फिरायला ये."

"जाणार का सर?"

"समुद्र बघितला न्हाई मी अजून," ते म्हणाले. मी आतून बाहेर बघितलं. थट्टा नव्हती. "दर सुट्टीत म्हणायचो, हिची भावकी बघून येऊ एकदा. पर सुट्टी आली की इथं काहीतरी निघायचं. आता ह्यांचं काय हुतंय ते बघतो. मग ठरवू."

मी भेगेकडे बघत राहिले. पाणी शालीतून दगडात उतरत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग मला वाटलं, एक दाणा कमी आहे. आधी तिथे होता, आता नव्हता. पडला असेल म्हणून मी खाली बघितलं. खालीही नव्हता.

तो शालीवर होता. जरीच्या काठावर, बोळाच्या तोंडापासून वीतभर आत. मी शालीचं टोक हळूच बाहेर सरकवलं. सरांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बारीक दोन टोकं पुढे काढून ती गोगलगाय जरीची तार खरवडत होती.

"चाटतेय, सर," मी म्हणाले.

"चव बघती," सर म्हणाले. "बघू दे."

तेवढ्यात अमोलदादा ताट घेऊन मागे आला. चिखलात, दगडावर पसरलेली ओली शाल त्याला दिसली आणि त्याचा चेहरा पडला. "सर," तो म्हणाला, "शाल आवडली न्हाई व्हय? साताऱ्यासनं आणली हुती ओ."

आता सर सांगतील, असं मला वाटलं. सांगायला हवं होतं, असंही वाटलं.

"आवडली रं," सर म्हणाले. नजर शालीवरून न हलवता. "घरच्यांस्नीबी आवडली."

अमोलदादा ताट घेऊन तसाच उभा राहिला. त्याने मांडवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घरचं कोण आलंय, सर?"

सरांनी गळ्यातली काळी दोरी डोक्यावरून काढली आणि भिंग त्याच्या हातात दिलं.